सेन्सरचा काय दोष?

आपल्या समाजात तक्रार करणाऱ्याइतका नावडता प्राणी दुसरा नसेल. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी वाहतेय हे जो पहिल्यांदा सांगतो, त्याच्याकडेच सेक्रेटरी असं बघतात, की जणू यानंच टाकीला भोक पाडलं. आमटी खारट झालीय असं घरात जो म्हणतो, त्याचं पुढच्या आठवडाभराचं जेवण अळणी होतं. हा न्याय फक्त माणसांनाच लागू आहे, अशी माझी समजूत होती. तो यंत्रांनाही लागू आहे, हे मला मेहुण्याच्या पोकलेनकडून कळलं.

पोकलेन म्हणजे माती उकरणारं ते धिप्पाड यंत्र. नाव मुळात एका फ्रेंच कंपनीचं. पण वनस्पती तुपाचा जसा डालडा झाला, तसा आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा एक्स्कॅव्हेटर हा पोकलेनच! मेहुण्याचा वेगळ्याच कंपनीचा आणि चाकांवर चालणारा. त्याच्या कर्जाला जामीनदार मी. आमच्या घरी काही ठराव एकमतानं, म्हणजे सौ.च्या एका मतानं, मंजूर होतात. त्यातलाच हा एक. त्यामुळे तिकडे साताऱ्याजवळ त्या यंत्राला शिंक आली, की इकडे मला ताप भरतो. हप्ता नव्वद दिवस थकला की खात्याला काय म्हणतात, हे बँकेतल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही.

पूर्वी डिझेल इंजिनाचं दुखणं ओळखणं सोपं होतं. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचा, धुराचा रंग बघायचा आणि निदान सांगायचा. पण चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१पासून धुराचे कडक नियम लागले, १ जानेवारी २०२५पासून आणखी कडक. आता धुराला बाहेर पडण्यापूर्वी कचेरीतल्या अर्जासारखं टेबलाटेबलावरून जावं लागतं. एका टेबलावर जाळीत काजळी अडते. पुढच्या टेबलावर युरियाच्या पाण्याचा फवारा बसतो. उष्णतेनं त्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात रूपांतर करतो. या युरियाच्या पाण्याला म्हणायचं डेफ.

आणि प्रत्येक टेबलाशी एकेक कारकून बसवलेला असतो, तो सेन्सर. कोणी उष्णता लिहितो, कोणी जाळीच्या अलीकडचा-पलीकडचा दाब लिहितो. शेवटी बसतो तो ऑक्साइडं मोजणारा नॉक्स सेन्सर. हा तर हुबेहूब आमच्यातला! इंजिन तापून पाइपातली ओल जाईपर्यंत कामाला हात लावत नाही. त्यालाही कारण आहे. त्याच्या पोटातलं सिरॅमिक लालभडक तापवावं लागतं, आणि त्यावर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकतं. आम्ही पहिल्या चहाआधी काउंटर उघडत नाही, त्यालाही असंच काही शास्त्रीय कारण असावं.

एके दिवशी मेहुण्याचा फोन आला. ‘‘दाजी, मशीन मेलं!’’

मेलं नव्हतं. पण बकेट भरून उचलताना धापा टाकत होतं. धूर शुद्ध होत नसेल, तर हे यंत्र स्वतःच आपली ताकद कमी करून घेतं. इतकी सदसद्विवेकबुद्धी मी कुठल्याच ठेकेदारात पाहिलेली नाही. पडद्यावर दोन आकडे उमटले होते : ४३६४ आणि १८. जवळच्या गॅरेजवाल्यानं ते पाहून निकाल दिला, ‘‘मागचा नॉक्स सेन्सर गेला.’’ नवा बसवला. त्याची किंमत ऐकून माझा पगार खाली मान घालून बसला. दोन दिवसांनी पडद्यावर पुन्हा ४३६४ आणि १८!

मग लॅपटॉपवाला मिस्त्री आला. मीही रविवार गाठून गेलो होतो. जामीनदाराला रविवार नसतो. आकडे पाहून मिस्त्री म्हणाला, ‘‘मालक, ही सेन्सरबद्दलची तक्रार नाही. सेन्सरनं केलेली तक्रार आहे.’’

मला तो माणूस एकदम बँकेतला वाटला. कारण पहिला आकडा म्हणजे खातं, आणि दुसरा म्हणजे चेक परत जाताना चिठ्ठीवर मारतात तो शेरा! शेरा ३, ४ किंवा ५ असता, तर आधी वायर, जोडणी आणि सेन्सर तपासायचा. कुठेतरी शॉर्ट झालंय किंवा तार तुटलीय. पण १८ म्हणजे, ‘मोजमाप ठीक आहे, आकडाच हवा त्याहून कमी आहे.’ आणि ४३६४ हे खातं धूर शुद्ध करण्याच्या कामाचं. म्हणजे खात्यात पैसे नव्हते आणि आपण कॅशियर बदलला!

तरी मिस्त्रीनं सेन्सरांचीही उलटतपासणी घेतली. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे सगळे उष्णतेचे सेन्सर सकाळी हवेइतकंच तापमान सांगतात का? सांगत होते. इंजिन बंद असताना दाबाचा सेन्सर शून्य दाखवतो का? दाखवत होता. बॅटरी तोडून निरोपाच्या दोन तारांमध्ये मीटर धरला : साठ ओहम. बरोबर. सगळे कारकून प्रामाणिक निघाले.

मग त्यानं खिशातून एक नळी काढली, तिच्या काचेवर डेफचा थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून डोळा लावला. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरचा हा सख्खा भाऊ. युरिया हवा साडेबत्तीस टक्के. निघाला चोवीसच्या आसपास.

‘‘पाणी कोणी घातलं?’’

हेल्पर पोऱ्या पुढे आला. वीस लिटरचा डबा उतरवताना पाचेक लिटर सांडलं होतं. मालक ओरडतील म्हणून त्यानं टँकरच्या पाण्यानं डबा पुरा केला. दिसायला दोन्ही सारखंच, पाण्यासारखं!

टाकी रिकामी करून धुतली, चांगला डेफ भरला, आणि यंत्र पुन्हा दात-ओठ खात मातीला भिडलं. मेहुणा मात्र पोऱ्याला म्हणाला, ‘‘उद्यापासून येऊ नकोस.’’

मिस्त्री वायरी गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, ‘‘मालक, परत सेन्सरच बदलताय.’’

मेहुणा गप्प झाला. पोऱ्या अजून कामावर आहे. आता वाटीभर डेफ सांडला तरी रात्री अकराला फोन करून सांगतो. मेहुणा दात-ओठ खातो, पण ओरडत नाही.

आमच्या शाखेतही एक तक्रारपेटी आहे. तिला भलं मोठं कुलूप आहे. त्याची किल्ली कोणाकडे असते, असं एका सहकाऱ्यानं मध्यंतरी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. सेन्सर बदलणं फार सोपं असतं हो. आमच्याकडे त्याला ‘बदली’ म्हणतात.