अदत्त सूर

भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या राहू बेटात उसाला तोटा नाही. हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळांच्या धुराड्यांतून निघणारा धूर पहाटेच्या धुक्यात मिसळतो आणि वाटसरूलाही उकळत्या रसाचा वास दुरूनच वाट दाखवतो. दौंड तालुक्यातील या राहू गावात एका जैन कुटुंबाचा गूळ आणि भुसार मालाचा व्यापार तीन पिढ्यांपासून चालत आला आहे. ढेपेचा कोपरा मोडून, रंग पाहून आणि चव घेऊन गुळाची प्रत सांगणारे घरातील आजोबा साऱ्या गावात 'भाऊ' याच नावाने ओळखले जातात. दुकानाची बैठक, रोजमेळ आणि सायंकाळचे प्रतिक्रमण या तिन्ही गोष्टींत त्यांच्याकडून कधी खंड पडला नाही.

नातवाने पुण्यात वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि गावी परतताना एक नवा विचार सोबत आणला. सगळाच गूळ मार्केट यार्डात अडतीवर विकण्यापेक्षा थोडा तरी थेट गिऱ्हाइकाच्या घरी का पोहोचवू नये? त्याने मोबाइलवर गुऱ्हाळाच्या चित्रफिती तयार करण्यास प्रारंभ केला. चरकातून कोसळणारा रस, चुलवाणातील चिपाडाचा जाळ, काहिलीत वर येणारी मळी, ती काढण्यासाठी टाकलेले रानभेंडीचे चिकट पाणी आणि अखेरीस साच्यात ओतलेला सोनेरी पाक. शहरातील लोकांना हे सारे अपूर्व वाटले. पुण्या-मुंबईहून मागणी येऊ लागली. दीड वर्षात दुकानाच्या नावाच्या चॅनेलवर साठाहून अधिक चित्रफिती जमल्या. प्रत्येकीखाली एखादे लोकप्रिय गाणे असे. ही गाणी त्याने ज्या पानावरून उतरवून घेतली होती, तेथे ठळक अक्षरांत 'कॉपीराइट नाही' असे लिहिलेले होते.

दिवाळीच्या तोंडावर, आठवड्याच्या अंतराने दोन सूचना आल्या. गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीच्या तक्रारीवरून दोन चित्रफिती काढून टाकण्यात आल्या होत्या आणि चॅनेलवर दोन 'स्ट्राइक' नोंदवल्या गेल्या होत्या. नव्वद दिवसांच्या आत तिसरी नोंद झाली, तर चॅनेलच बंद होणार होते. ज्या दारातून गिऱ्हाईक येत होते, तेच दार ऐन हंगामाच्या आरंभी बंद पडण्याची ही वेळ होती.

भाऊंना मात्र याहून निराळ्याच गोष्टीचा धक्का बसला. पर्युषणात घरातील थोरल्या सुनेने अठाई केली होती आणि तिच्या पारण्याची चित्रफीत नातवाने त्याच चॅनेलवर, एका गाजलेल्या स्तवनाच्या ध्वनिमुद्रणासह ठेवली होती. ती कोणी काढून टाकली नाही. स्तवनाच्या हक्कधारकाने केवळ तिच्यावर दावा लावला आणि तिच्यावर जाहिराती सुरू केल्या. नाशिकच्या नातेवाइकांचा फोन आला, तेव्हा भाऊंनी ती चित्रफीत लावून पाहिली. तपस्विनीचा चेहरा दिसण्यापूर्वी पडद्यावर कोंबडीच्या रश्श्याची जाहिरात झळकली. भाऊंनी मोबाइल गादीवर पालथा ठेवला.

त्या रात्री प्रतिक्रमण झाल्यावर त्यांनी नातवाला जवळ बसवले.

"हे गाणं तुला दिलं कोणी?"

"दिलं असं कोणी नाही, भाऊ. नेटवर होतं. सगळेच घेतात."

"वजनात मारणारेही बाजारात पुष्कळ आहेत. आपण मारतो का?"

"पण तिथे लिहिलं होतं ना, कॉपीराइट नाही म्हणून."

"लिहिणारा त्या गाण्याचा मालक होता का?"

नातवापाशी उत्तर नव्हते. काही क्षणांपूर्वीच उच्चारलेल्या पाठात तिसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार येऊन गेले होते आणि त्यांतला पहिलाच 'तेनाहडे', म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, हा होता. खोटे माप आणि भेसळ त्यानंतर येतात. धान्याच्या व्यापाऱ्याला या अतिचारांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अनोळखी माणूस निम्म्या भावात पोती देऊ लागला, तर ती घ्यायची नसतात हे त्याला पाळण्यात कळते. सूर मात्र पोत्यात भरता येत नाही, तो घेतल्याने दुसऱ्याच्या घरातून काही कमी झालेले दिसत नाही, आणि म्हणूनच तो घेताना भल्याभल्यांचा हात अडखळत नाही. अदत्तादानाची व्याख्या मात्र 'कमी झाले का' असे विचारत नाही; 'दिले होते का' एवढेच विचारते.

पुढचे काही आठवडे नातू गुळाचे सोडून कायदा वाचत बसला. आपल्याकडचा स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ सालचा आहे. गाण्याच्या बाबतीत तो एका वस्तूत तीन माल पाहतो: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षे. दोन्हींची मोजणी पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून होते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपण्याच्या बेतात असताना ती वाढवण्यात आली.

हा हिशोब मराठी मनाला जवळच्या उदाहरणावर लावून पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ज्याचे प्रसारण सुरू झाले, ते गीतरामायण सत्तर वर्षांचे झाले. ते सर्वांचेच आहे असे ऐकणाऱ्याला वाटते, आणि भावनेच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहील. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चालीवरचा हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत. आज ज्याची मुंज झाली तो मुलगा संसारी होऊन प्रौढ होईल, तेव्हा कुठे ती चाल मोकळी होईल.

जैन घरांतही हीच गफलत होते. नवकार मंत्रावर कोणाची मालकी नाही, मानतुंगाचार्यांच्या भक्तामर स्तोत्रावर नाही, सतराव्या शतकातील आनंदघनजींच्या पदांवरही नाही. परंतु आजच्या गायकाने, आजच्या वाद्यवृंदासह केलेले त्याच भक्तामराचे ध्वनिमुद्रण हा दुसऱ्याचा माल असतो. शिवाय प्राचीन वाटणारी प्रत्येक रचना प्राचीन नसते. मैत्रीभावाच्या पवित्र झऱ्याचे जे गुजराती गीत आज प्रार्थनासभांतून सर्वत्र गायले जाते, ते चित्रभानूजींचे आहे आणि ते २०१९ साली दिवंगत झाले. कायद्याच्या साध्या मोजणीने त्या शब्दांची मुदत २०७९ च्या अखेरीस संपते. अशा रचनेचे हक्क ज्यांच्याकडे असतील ते धर्मकार्यासाठी आनंदाने परवानगी देतीलही. पण त्यासाठी कोणी तरी ती मागावी लागते.

येथे एक शंका हटकून निघते. लग्नाच्या वरातीत आणि मंदिरातील पूजेत गाणी वाजवायला तर मुभा आहे ना? आहे. कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधी आणि विवाहाशी निगडित समारंभ यांना ती दिलेली आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून तिचा पुनरुच्चारही केला. मात्र ती सवलत समारंभात गाणे वाजवण्यापुरती आहे. त्याच समारंभाची चित्रफीत संपादित करून, तिच्याखाली गाणे जोडून ती जगासमोर मांडली की गोष्ट बदलते. चातुर्मासाच्या आणि दीक्षा महोत्सवाच्या कितीतरी चित्रफिती याच गैरसमजापोटी मुक्या झालेल्या दिसतात.

'दहा सेकंद चालतात', 'खाली मालकाचे नाव लिहिले की झाले', 'आम्ही यातून पैसे मिळवत नाही' या समजुतींनाही आधार नाही. यूट्यूबवर 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा २००७ पासून आहे. हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी ती प्रत्येक नवी चित्रफीत ताडून पाहते. जुळणी झाली की मालकाने चित्रफीत अडवायची, तिच्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न घ्यायचे किंवा नुसती नोंद ठेवायची, हे तोच ठरवतो. हा झाला 'दावा'. 'स्ट्राइक' निराळी, ती चित्रफीत काढून टाकण्याच्या कायदेशीर मागणीतून येते आणि तिचे परिणाम कठोर असतात. राहूच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात शिकायला मिळाल्या. न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, तर कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंतचा दंड सांगितला आहे.

व्यापाऱ्याने आणखी एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. इन्स्टाग्रामवर खासगी खात्याला जी लोकप्रिय गाणी निवडता येतात, ती दुकानाच्या जाहिरातीसाठी दिलेली नसतात. घरगुती मौज आणि मालाची विक्री यांचे परवाने वेगळे आहेत. अमेरिकेत एका पेय कंपनीने आपल्या मालाच्या छोट्या चित्रफितींत अशीच गाणी वापरली, आणि २०२२ साली फ्लोरिडातील न्यायालयाने तिला हक्कभंगासाठी जबाबदार धरले.

मग निर्धोक संगीत मिळते कोठे? यूट्यूबच्याच स्टुडिओत एक 'ऑडिओ लायब्ररी' आहे. तेथील काही रचना नुसत्या वापरता येतात, काहींसाठी वर्णनात कर्त्याचे नाव द्यावे लागते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी मेटाचा 'साउंड कलेक्शन' हा संग्रह आहे. तेथून घेतलेले संगीत त्यांच्याच मंचांपुरते असते. केविन मॅक्लॉइड या अमेरिकी संगीतकाराने आपल्या असंख्य रचना केवळ नामनिर्देशाच्या अटीवर जगाला खुल्या केल्या आहेत. अशा खुल्या परवान्यांची 'क्रिएटिव्ह कॉमन्स' ही पद्धत २००२ पासून रूढ झाली, आणि तिच्यातील अक्षरे हुंडीच्या मजकुराइतकी काळजीपूर्वक वाचावी लागतात. 'बीवाय' म्हणजे नाव द्या. 'एनसी' म्हणजे व्यापारासाठी नाही. गुळाच्या जाहिरातीला हे संगीत चालत नाही. 'एनडी' म्हणजे बदल करू नका, आणि चित्राला संगीत जोडणे हाच या परवान्यांत बदल मानलेला असल्यामुळे असे संगीत चित्रफितीत वापरताच येत नाही. 'रॉयल्टी फ्री' हा शब्द तर सर्वांत फसवा. त्याचा अर्थ फुकट असा नसून, एकदा किंमत मोजल्यावर दर वापरामागे पुन्हा द्यावी लागत नाही एवढाच आहे.

नातवाने एक वही घातली. चित्रफितीचे नाव, संगीत कोणाचे, कोठून घेतले, कोणत्या तारखेला, कोणत्या अटीवर. शेजारी परवान्याच्या पानाची छापील प्रत. जुन्या चित्रफितींपैकी ज्यांच्या संगीताचा उगम सांगता येईना, त्यांतले गाणे त्याने काढून टाकले. काही गुऱ्हाळांच्या चित्रफितींत मग नुसता चरकाचा आवाज आणि काहिलीची खदखद उरली, आणि गिऱ्हाइकांपैकी कोणीही तक्रार केली नाही. अठाईच्या चित्रफितीतील स्तवन काढल्यावर दावा सुटला. तिसरी स्ट्राइक आली नाही. नव्वद दिवस मात्र त्या घराला फार लांबलचक गेले.

परदेशी संगीताचा बाज गुळाला शोभेना, ही अडचण शिल्लक होती. ती भाऊंनीच सोडवली. केडगावच्या बाजूला भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक गृहस्थ त्यांच्या ओळखीचे होते. त्यांना बोलावून, कोणत्याही गाण्याची नक्कल नको, तुमच्या मनातली चाल वाजवा, असे सांगण्यात आले. ध्वनिमुद्रण दुकानामागच्या गोदामात झाले. चहूकडे रचलेल्या पोत्यांमुळे तेथे आवाज घुमत नाही. पाच हजार रुपये ठरले. पेटीवाल्यांनी पैसे खिशात ठेवले आणि कागद कशाला, शब्द पुरे आहे, असे म्हटले.

भाऊंना तो शब्द पुरला असता. पण नातवाने तोवर कायद्याचे १९ वे कलम वाचले होते. हक्क देणे लेखी हवे; मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरतात, आणि क्षेत्र लिहिले नाही तर भारतापुरतेच. म्हणून कागद झाला. रक्कम, चालीचे वर्णन, वादकाचे नाव प्रत्येक चित्रफितीखाली देण्याची अट, मुदत वीस वर्षे. लिहिणारे भाऊच होते, कारण घरात त्यांच्याइतके वळणदार अक्षर दुसऱ्याचे नाही. 'क्षेत्र' या शब्दापुढे त्यांची लेखणी थांबली. त्यांचा सारा व्यवहार दौंड, शिरूर आणि पुणे मार्केट यार्ड यांच्या पलीकडे फारसा कधी गेला नव्हता. त्यांनी नातवाकडे एकदा चष्म्यावरून पाहिले आणि ठळक अक्षरांत लिहिले, 'संपूर्ण जग'. पेटीवाल्यांनी त्याखाली सही केली, चहा घेतला आणि एसटी चुकू नये म्हणून घाईने निघून गेले.