ठेवीचा मृदंग



तुमच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पेटी असेल, कापडात गुंडाळलेला मृदंग असेल, टाळांच्या जोड्यांची पिशवी खुंटीला असेल; आणि घरातले कोणी, किंवा तुमचेच मन, म्हणत असेल की आता हे वाजवणार कोण, काढून टाकू या. तर काढण्याआधी माझी हकीकत ऐका. मी काढून टाकले आहे.

कीर्तन थांबले ते २०२० साली. त्या वर्षी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या, हे आपण सगळ्यांनी घरात बसून पाहिले. दोन वर्षे सप्ताह नाही, काला नाही, दिंडी नाही. पुन्हा सुरू झाले तेव्हा माझे गुडघे बसले होते आणि आवाज वरच्या पट्टीला जाईना. तास-दोन तास उभे राहणे जमत नाही, तर लोकांपुढे जाऊ नये, असे मी ठरवले. ते ठरवणे चुकले असे मला अजूनही वाटत नाही. चूक पुढची.

कळमन्यातले आमचे घर तीन खोल्यांचे. मधल्या खोलीची एक भिंत वाद्यांनीच भरलेली होती. दोन पेट्या, दोन मृदंग, टाळांच्या चौदा जोड्या, माइक, भोंगा आणि ॲम्प्लिफायर. नातू बारावीला, त्याला टेबल लावायला जागा हवी होती. घरातल्या कोणी मला भाग पाडले नाही, हे आधीच सांगतो. आपल्याकडे अशा गोष्टीत सुनेला पुढे करण्याची खोड असते. ती बिचारी म्हणत होती, बाबा, राहू द्या, टेबल ओसरीत लावू. मीच जुनी वाद्ये घेणाऱ्या एका माणसाला बोलावले. त्याने पेटीचे भाते उघडून पाहिले, मृदंगावर बोट आपटले, टाळ तर वजनावर धरले. अठरा हजार पाचशे रुपये मोजून दिले आणि टेम्पोत घालून नेले. अर्ध्या तासाचे काम.

वीणा मात्र मी विकली नाही. एकादशीच्या दिवशी देवळात नेली आणि पहाऱ्यावरच्या विणेकऱ्याच्या पाया पडून त्याच्या गळ्यात घातली. वीणा कशी द्यायची हे वारकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. ती जमिनीवर टेकत नाही. देणारा घेणाऱ्याला वाकतो, घेणारा देणाऱ्याला. सात दिवस पहारा बदलत राहतो, पण वीणा कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असतेच. मी ते सगळे यथासांग केले आणि घरी आलो तो समाधानाने. वीणेचा मान राखला, म्हणजे बाकीचे नुसते सामान होते, अशी मी मनाची समजूत घातली. माउली, माणूस स्वतःला फसवतो तेव्हा असाच एखादा चांगला आचार पुढे करून फसवतो.

मागच्या गल्लीत एक बँडवाले राहतात. तीस वर्षे लग्नाच्या वरातीत सॅक्सोफोन वाजवला. वराती डीजेवर गेल्या तसा त्यांनीही बाजा विकला. माझे सामान गेल्याचे ऐकून ते संध्याकाळी येऊन बसले.

"महाराज, मी इकला तेव्हा चार दिवस काई वाटलं नाई जी. मंग एका राती झोपेत बोटं हालू लागले. बायको म्हणे, काऊन जी, चादरीवर काय वाजवता?"

मी त्यांना म्हटले, तुमचे वाद्य परदेशातले, त्याचा एवढा लळा लागला? ते हसले. आणि मलाही माझे बोलणे पोरकट वाटले. सॅक्सोफोन बेल्जियमच्या ॲडॉल्फ सॅक्स यांनी केला, १८४६ साली पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. आमची पेटी तरी कुठली? तीही त्याच पॅरिसची, थोडीच वर्षे आधीची. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ साली काहीशी सैल झाली. मधल्या तीस वर्षांत कीर्तनातून आणि भजनातून तिला कोणी उठवले नाही. तिकडे कर्नाटकात कद्री गोपालनाथ यांनी तोच सॅक्सोफोन मांडी घालून शास्त्रीय मैफलीत आणि देवळात वाजवला, २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वाद्याला देश नसतो, हात असतो. बँडवाल्यांचे हात अजून चादरीवर चालतात ते म्हणूनच.

पण त्यांची चुटपुट आणि माझी, यांत एक फरक होता. तो मला त्या संध्याकाळी कळलेला नव्हता. त्यांनी आपल्या पैशांनी घेतलेले वाद्य विकले होते.

आता दुसऱ्या मृदंगाविषयी सांगतो. तो माझा नव्हता.

माझा मृदंगी कळमन्याच्या बाजार समितीत हमाल होता. मिरचीच्या दिवसांत तिथले आवार लाल होऊन जाते आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ठसका लागतो. हा दिवसभर ती पोती पाठीवर वाहायचा. संध्याकाळी कीर्तनाला यायचा तेव्हा आधी हाताला जवसाचे तेल चोळायचा, मग राखेने हात धुवायचा, आणि मगच कणीक मळून मृदंगाच्या धुमेला लावायचा. तरी मिरची जायची नाही. एकदा काल्याच्या कीर्तनात त्याने घाम पुसताना डोळ्याला हात लावला आणि पुढचा पाऊण तास डोळे मिटून, धारा लागलेल्या, तसाच वाजवत राहिला. लोकांना वाटले भाव दाटला आहे. चार जणी येऊन त्याच्या पाया पडून गेल्या. तो मला हळूच म्हणाला, "महाराज, भाव नोहे, मिरची हाय." मी हसू आवरून चरण पुढे घेतले.

आषाढात आम्ही कळमन्याहून धापेवाड्याला पायी जात असू. तिथेही चंद्रभागा आहे, कोलबास्वामींचे ठाणे आहे, विदर्भातले लोक त्याला आपली पंढरीच म्हणतात. त्या वाटेवर एकदा पाय घसरून तो पडला आणि मृदंगाच्या खोडाला चीर गेली. त्याने तांब्याची पट्टी ठोकून घेतली. आवाजात काडीचाही फरक पडला नाही, उलट धूम जास्त खोल लागू लागली, असे तो म्हणायचा. मला तसे वाटत नसे, पण मी कधी बोललो नाही.

त्याची खोली पत्र्याची. पावसाळ्यात गळायची. दमट हवेत पुडी सैल पडते, वादी कुजते, म्हणून मृदंग माझ्या घरी असायचा. तो गेला तेव्हाही मृदंग माझ्याकडेच होता. तेरावे झाल्यावर मी त्याच्या बायकोला विचारले, वहिनी, मृदंग आणून देऊ का? ती म्हणाली, "राहू द्या तुमच्याच इथं. आमच्या घरी पानी गळते."

हे वाक्य मी विसरलो. खरे सांगायचे तर विसरलोही नव्हतो. टेम्पोत मृदंग चढला तेव्हा तांब्याची पट्टी उन्हात चमकली होती, आणि माझ्या मनात तिचे शब्द आले होते. मी मान फिरवली. दोन मृदंगांचे पैसे एकत्र मोजले गेले होते, आता एक मागे घेतला तर घासाघीस पुन्हा सुरू होईल, एवढाच विचार मी केला.

पुढच्या वर्षी त्याची नात आली. चौदा-पंधरा वर्षांची. देवळातल्या मुलांबरोबर मृदंग शिकू लागली होती. पाया पडली आणि म्हणाली, "आजीनं सांगतलं, आबाचा मृदंग तुमच्याकडं हाय म्हणून."

मी तिला पाणी दिले. दुरुस्तीला टाकला आहे, असे सांगितले.

जन्मभर व्यासपीठावरून सत्यावर बोललेल्या माणसाने एका पोरीला तोंडावर खोटे सांगितले. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे काढली. जोग महाराजांनी १९१७ साली ज्या हेतूने ती संस्था काढली, तो हेतू आमच्या गुरूंनी आम्हाला रोज सांगितला होता; कीर्तनाचे मोल घेण्याविषयी तुकोबांनी काय बजावले आहे ते तुम्हालाही पाठ आहे. मी कीर्तनाचे पैसे ठरवून कधी घेतले नाहीत, याचा मला अभिमान होता. आणि अठरा हजार पाचशेत दुसऱ्याचा मृदंग होता. धर्मशास्त्रात व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत दुसरे निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव; आणि तिसरे अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसताना केलेली विक्री. ही यादी मी किती सप्ताहांत म्हणून दाखवली असेल. दोन्ही पदे मी एका दुपारी, अर्ध्या तासात, पाठोपाठ केली. शास्त्र असेही सांगते की अशी विक्री मुळात विक्रीच नव्हे.

पण घेणाऱ्याला ते शास्त्र कुठे ठाऊक! त्याला शोधून काढायला मला महिना लागला. पेट्या विदर्भातच कुठे गेल्या, टाळ मोडीत. मृदंगाचे त्याला आठवेना. बँडवाले माझ्याबरोबर रिक्षाने हिंडले, त्यांनीच शेवटी माग काढला. लग्नाच्या एका लॉनवर, फाटकाजवळ, जुनी बैलगाडी आणि पितळी हंडे मांडले होते, त्यांत तो उभा करून ठेवलेला. शाई उडालेली, पुडी फाटलेली, आत प्लास्टिकची झेंडूची फुले खोचलेली. तांब्याची पट्टी होती. मी ओणवा होऊन वासही घेतला. मिरचीचा नव्हता, ओल्या लाकडाचा होता.

मालक भला माणूस. म्हणाला, महाराज, तुम्ही पैसे देऊ नका, मला फक्त तिथे असेच दिसणारे काही आणून द्या. वाजला नाही तरी चालेल. बँडवाल्यांनी कुठून तरी एक फुटके ढोलके मिळवले, आम्ही ते उभे केले, फुले त्यात खोचली आणि मृदंग रिक्षात घेतला. कारागिराने नव्या पुड्या चढवल्या, वाद्या बदलल्या. म्हणाला, दोन पावसाळे बाहेर काढले आहेत याने, खोड आतून सुटले आहे, वाजेल पण पूर्वीचा आवाज मागू नका.

मग मी मृदंग घेऊन त्या पत्र्याच्या खोलीत गेलो. वाटेत ठरवले होते की दुरुस्तीचे खोटे तसेच राहू द्यावे. कोणाचे काय बिघडते? खाटेवर मृदंग ठेवला आणि सगळे सांगितले. विकला, पैसे घेतले, पोरीशी खोटे बोललो. पैशांतला वाटा पुढे केला. वहिनींनी तो घेतला आणि न मोजता डब्यात टाकला.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमी सांगतलं नसतं तं मले कसं मालूम झालं असतं, महाराज?"

त्या रागावून म्हणाल्या की समजुतीने, हे मला तेव्हा कळले नाही, आजही कळलेले नाही.

पोरीने कणीक मळून धुमेला लावली आणि थाप दिली. आवाज खाली गेला आहे, कारागीर म्हणाला तसाच. एकादशीला ती देवळात वाजवते. मी मागे भिंतीला टेकून बसतो, नातवाच्या दप्तरात चुकून राहिलेली टाळांची एक जोडी माझ्याकडे आहे, ती घेऊन. परवा पाऊस लागला तेव्हा मला वाटले, भजन झाल्यावर ती मृदंग माझ्याकडे ठेवायला आणील. तिने तो खताच्या रिकाम्या पोत्यात घातला, तोंड सुतळीने आवळले, आणि डोक्यावर घेऊन पावसातून घरी गेली.