छपराचा खर्च कोणाकडे?

कुलाब्यात नेव्ही नगरच्या वाटेवर उंच टोकदार मनोऱ्याचं एक चर्च आहे. सगळे त्याला अफगाण चर्च म्हणतात, खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी १८४७ साली त्याचा पाया घातला, १८५८ साली ते प्रार्थनेसाठी खुलं झालं, १९८ फुटी मनोरा १८६५ साली पूर्ण झाला. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. विहार तलावाचं पाणी मुंबईत आणण्याच्या योजनेमागेही हाच इंजिनीअर होता, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

त्या काळी इंग्लंडमध्ये मध्ययुगातल्या खेड्यांची चर्च हाच खरा नमुना, असं मानणाऱ्यांचा जोर होता. म्हणून इथे कुर्ल्याच्या दगडात इंग्लिश गावचं चर्च उभं राहिलं. आत पश्चिमेकडे लोकांनी बसायचं लांब दालन, नेव्ह. हा शब्द जहाजाच्या लॅटिन शब्दावरून आला, म्हणजे आपल्या नदीतल्या नावेचा चुलतभाऊ. पूर्वेकडे वेदीचा अरुंद भाग, चॅन्सल. मधे कमान. आपला सभामंडप आणि गाभारा डोळ्यांसमोर आणा, साधारण तसंच.

ती कमान म्हणजे हिशेबाची रेघ होती, हे मला बरंच उशिरा कळलं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कमानीच्या अलीकडचं छप्पर गावाने सांभाळायचं आणि पलीकडचं, पिकाचा दहावा हिस्सा घेणाऱ्या रेक्टरने. म्हणून कित्येक चर्चमध्ये नेव्ह उंच, नवी, भरपूर खिडक्यांची असते आणि चॅन्सल दोनशे वर्षं जुनी, बुटकी. कोणाचा खिसा कधी भरला, ते बाहेरून छपराकडे बघून कळतं.

ऑनसाइटला सहा महिने इंग्लंडच्या सफोकमध्ये होतो, तेव्हा एका रविवारी लाँग मेलफर्डला गेलो. पंधराव्या शतकात कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं गाव. तिथल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर देणगीदारांची नावं दगडी अक्षरांत कोरलीत, त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, या विनंतीसह. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' वाचत मोठा झालेला माणूस मी. हसू आलं.

ती रेघ अजून पुसलेली नाही. ऍस्टन कँटलो नावाच्या गावात एका जोडप्याकडे वारशाने शेत आलं. त्या जमिनीला चॅन्सलच्या दुरुस्तीची जबाबदारी चिकटलेली होती. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००३ साली जोडपं हरलं. आम्ही टेक्निकल डेट म्हणतो ते याच्यापुढे काहीच नाही.

कुलाब्यात मात्र रेघ आली, गाव आलंच नाही. मनोऱ्यासाठी कावसजी जहांगीर या पारशी दानशूराने साडेसात हजार रुपये दिले, पण ते काही तिथे रविवारी बसणार नव्हते. बसणारे सैनिक. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. पलटणीची बदली झाली की बाकं रिकामी. भिंतीवर नावं आहेत, पण ती वर्गणी देणाऱ्यांची नाहीत, मेलेल्यांची आहेत. इमारत देखणी आहे, तरी मला ती कुणाचीच वाटत नाही.

हे डोक्यात घोळतंय, कारण देवळी तालुक्यातल्या आमच्या गावी मारुतीच्या देवळाचा सभामंडप पाडून स्लॅब टाकायचं चाललंय. सागाचे खांब आहेत, कौलं दरवर्षी फुटतात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी फिरतेय. पाच हजारांच्या वर दिले की फरशीवर नाव. बाबांचा फोन आला, "किती टाकू तुया नावावर?"

मी वर्षातून दोनदा जातो. त्या मंडपात शेवटचा कधी बसलो, आठवत नाही. छप्पर गळलं तर भिजणारे दुसरेच असतील, आणि त्यांना स्लॅब हवाय. खांब सुंदर आहेत हे मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे. पण यादीत नाव मागितलंय म्हणजे कमानीच्या अलीकडे अजून मला मोजतात.

"पाच टाका," म्हटलं. "फरशीवर नाव नको. खांब तेवढे विकू नका म्हणावं, नव्या मंडपात पुढे लावा."

बाबा म्हणाले, "ते समिती पाहीन. शनिवारी मीटिंग आहे, येतं का?"

शुक्रवार रात्रीचं तिकीट वेटिंग अकरा आहे.