गुडघ्याचा घसारा

गोंदियाचा माणूस तांदळावर बोलू शकतो, विडीवर बोलू शकतो आणि हावड्याकडे जाणारी कुठली गाडी आज किती उशिरा आहे हे झोपेतसुद्धा सांगू शकतो. त्याने फुटबॉलवर बोलावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. तसं पाहिलं तर २००९ ते २०२२ अशी चांगली तेरा वर्षं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद प्रफुल्ल पटेलांच्या रूपाने आमच्या गोंदियाकडेच होतं. पण अध्यक्षपद गावाकडे आलं म्हणून चेंडू गावात येतोच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही नोटांवर असते, म्हणून ते काही आमच्या शाखेत चहाला येत नाहीत.

आमच्या शाखेत फुटबॉल आला तो बदलीच्या ऑर्डरवर. ऑर्डरीखाली सही होती, शिक्का होता, आणि सोबत डाव्या पायाने किंचित लंगडणारा एक उंच माणूस होता. मूळचा कामठीचा. कामठी म्हणजे विदर्भातल्या फुटबॉलचं माहेर. तिथल्या रब्बानी क्लबचं नाव घेताना हा माणूस आपण देवाचं घेतो तसं घेतो, आणि नागपूरच्या यंग मुस्लिम क्लबचं नाव आपण मोठ्या साडूचं घेतो तसं. म्हणजे आदर आहे, पण आतून जळफळाटही आहे. हा स्वतः कुठल्याशा धाकट्या क्लबाकडून नागपूरच्या लीगमध्ये सेंटर फॉरवर्ड खेळायचा. तिथे कुणीतरी त्याचा खेळ पाहिला आणि बाविसाव्या वर्षी तो खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत चिकटला.

आता नशिबाचा विनोद बघा. आमच्या कॅश केबिनला अजून जुनी लोखंडी जाळी आहे आणि भाऊ तिच्या आत बसतात. तेव्हा फुटबॉलचा माणूस आहे एवढंच ऐकलेली गिऱ्हाइकं त्यांना बिनदिक्कत ‘गोलकीपर’ म्हणतात. ज्याने उभी जवानी दुसऱ्याच्या जाळीत चेंडू घालण्यात घालवली, त्याला हे रोज दहा ते चार ऐकून घ्यावं लागतं!

भाऊंमुळे मला इंग्लंडच्या फुटबॉलची उतरंड कळली. मी कॉमर्सचा पदवीधर. मला कुठलीही गोष्ट बँकेच्या भाषेत सांगितली की लवकर उमजते. सगळ्यात वर प्रीमियर लीग, वीस क्लब. ते आपलं मुख्य कार्यालय. त्याखाली चोवीस-चोवीस क्लबांचे तीन विभाग. त्यांना झोनल, रिजनल आणि शाखा म्हणू. हे झाले ब्याण्णव क्लब. त्याच्याही खाली जे पायऱ्यांवर पायऱ्या पसरलं आहे ते नॉन-लीग. म्हणजे आपले खेड्यापाड्यांतले बँकमित्र. तिथला खेळाडू दिवसा कुठेतरी मजुरी करतो, संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. आमच्या भागातल्या वाचकाला मी एवढंच सांगेन की झाडीपट्टीतला नट डोळ्यांसमोर आणा. दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं करणारा आणि सकाळी पुन्हा शाळेत नाहीतर बांधीत दिसणारा. त्याला कुणी ‘नॉन-लीग’ म्हणत नाही, आणि म्हणून बघावंच एकदा!

या पायऱ्यांवरून माणूस वर चढतोही. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या चिमुकल्या क्लबात आठवड्याला तीस पौंडांवर खेळायचा आणि पोटासाठी कारखान्यात दुखऱ्या हातापायांना बांधायचे स्प्लिंट बनवायचा. तो २०१२ साली लेस्टरला गेला आणि २०१६ साली लेस्टर चक्क इंग्लंडचं विजेतं झालं. रिकी लॅम्बर्ट बिटाच्या बाटल्यांना झाकणं लावायचा. त्याने २०१३ साली इंग्लंडकडून पहिल्याच सामन्यात चेंडूला पहिला स्पर्श केला तो गोल करूनच. भाऊ या गोष्टी सांगतात तेव्हा काउंटरवरची रांग दारापर्यंत गेलेली असते. पण त्या गोष्टी सांगून झाल्या की ते स्वतःच म्हणतात, ‘‘भाऊ, झाकणं लावणारे हजार असतात. पेपरात एकच येतो.’’

वर चढणाऱ्यांपेक्षा खाली घसरणाऱ्यांत मात्र आमच्या स्टाफला जास्त रस आहे. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने, म्हणजे आपल्या ‘वेंकीज’वाल्यांनी, २०१० साली ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. एकेकाळचा, १९९५ सालचा, विजेता क्लब. २०१२ साली तो प्रीमियर लीगमधून खाली आला. खाली जायचं ठरलं त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. २०१७ साली क्लब आणखी एक पायरी उतरला, पुढच्या वर्षी परत एक चढला. आमच्या हेडकॅशियरना यातलं फक्त एकच पटत नाही. वर गेल्यावर क्लब आनंदाने नाचतो कसा? आमच्याकडे प्रमोशन म्हटलं की लोक रजेवर जातात, कारण प्रमोशनमागोमाग गडचिरोलीची ऑर्डर येते.

पण मला जी गोष्ट खरी भावली ती युनियनची. इंग्लंडात फुटबॉलपटूंची युनियन १९०७ साली निघाली! १९६१ पर्यंत तिथे कितीही मोठा खेळाडू असो, आठवड्याला वीस पौंडांच्या वर पगार नाही असा दंडक होता. इंग्लंडकडून शहात्तर सामने खेळलेले टॉम फिनी नळजोडणीची कामं करायचे ते काही छंद म्हणून नव्हे. शेवटी जिमी हिल नावाच्या पुढाऱ्याने संपाची नोटीस दिली आणि वीस पौंडांची कमाल मर्यादा उडाली. हे मी आमच्या युनियनच्या सेक्रेटरींना सांगितलं तेव्हा त्यांनी जिमी हिलचा केडर विचारला.

आपल्याकडे वेगळी रीत होती. आपला खेळाडू क्लबाचा नसायचा, ऑफिसचा असायचा. रेल्वे, पोलीस, बँका. १९९६ साली देशात राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा तीत चेन्नईची इंडियन बँक होती. पुढे स्टेट बँक ऑफ त्रावणकोरही खेळली. पाय चालले तोवर मैदान, थकले की टेबल. इंग्लंडातल्या झाकणं लावणाऱ्याला असला आधार नव्हता. पण टीमच उरल्या नाहीत. महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ २०१० साली बंद झाला. त्रावणकोर बँक २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. आमच्या भाऊंची टीम त्याआधीच मोडली होती. विलीन व्हायलासुद्धा तिला कुणी मिळालं नाही. तिची शेवटची मॅच नागपुरात झाली. त्याच मॅचमध्ये भाऊंच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. स्कोअर विचारला की मात्र ते लगेच सांगतात, दोन-एक, आणि दुसरा गोल आपला.

आता त्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं आहे. बिलाची मंजुरी आधी घ्यावी म्हणून भाऊंनी अर्ज केला, तो परत आला. वरच्या कार्यालयाचं म्हणणं, इजा कामाच्या वेळेबाहेर झालेली आहे आणि जुनी आहे. आता माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. इंग्लंडातले क्लब खेळाडूसाठी मोजलेली रक्कम ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवतात आणि कराराच्या वर्षांवर वाटून थोडी थोडी कमी करत नेतात. मग आमच्या बँकेने हा गुडघा बघूनच माणूस घेतला असेल, नेमणूकपत्रात ‘खेळाडू’ असं स्वच्छ लिहिलं असेल, तर तो गुडघा बँकेची मालमत्ता नव्हे काय? आणि मालमत्ता असेल तर तिची दुरुस्ती कुणाच्या खर्चात पडते? मी चार पानी अर्ज लिहून दिला. घसारा स्थिर हप्ता पद्धतीने धरला तर किती, ऱ्हासमान शेष पद्धतीने धरला तर किती, दोन्ही तक्ते जोडले.

अर्ज वाचून भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘भाऊ, यात उजव्या पायाचं कुठेच नाही. सगळे गोल त्याने मारलेत.’’ मी म्हटलं, उजवा पाय चालू स्थितीत आहे, त्याची नोंद मागायची गरज नाही.

महिन्याने उत्तर आलं. तक्ते पोहोचले आहेत. परंतु सदर सामना बँकेच्या आदेशानुसार खेळला गेला याचा मूळ कागद जोडावा. टीम मोडली तेव्हा स्पोर्ट्स विभागाच्या फायली कुठे गेल्या ते कुणालाच ठाऊक नाही. भाऊंनी घरी ट्रंक उपसली. एक ढाल निघाली, दोन जर्स्या निघाल्या आणि वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण निघालं. त्यात तारीख आहे, बँकेचं नाव आहे, दोन-एक आहे. फक्त गोल मारणाऱ्याचं आडनाव चुकीचं छापलं आहे.

आडनाव सुधारून घ्यायचं प्रतिज्ञापत्र सध्या माझ्याकडे आहे. स्टॅम्पपेपर शंभराचा लागेल की पाचशेचा, एवढंच विचारायला उद्या तहसीलकडे जायचं आहे.