शिवपुरीच्या वाटेवर, काचेवरचं धुकं

डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेन समारोह असतो. आईचं माहेर लष्करातलं. लग्नाआधी हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी रात्र-रात्र गाणं ऐकलेलं ती अजून सांगते. "या वर्षी जायचंच, आणि आपल्याच गाडीनं," तिनं जाहीर केलं. आपली गाडी म्हणजे बाबांनी 2003 साली घेतलेली. बाबांचे डोळे अधू झाल्यापासून ती मी चालवतो आणि तिची देखभालही माझ्याकडेच आहे. निदान मी तसं समजत होतो.

इंदूरहून ग्वाल्हेर सुमारे 500 किलोमीटर. देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी असा जुना आग्रा-मुंबई रस्ता. आम्ही अकराला निघालो. आई पुढे, बाबा मागे. गुन्याला चहा घेतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि माळव्यातल्यापेक्षा जरा बोचरी थंडी होती. आईनं शाल ओढली, म्हणून मी हीटर लावला. इंदुरात त्याची गरज फारशी पडत नाही. त्या हिवाळ्यात तो पहिल्यांदाच लावला होता.

दहा मिनिटांनी आई म्हणाली, "अरे, पाक लागल्यासारखा वास येतोय."

मी म्हटलं, बाहेर कुठे गुऱ्हाळ असेल. मग काचेवर आतून धुकं धरायला लागलं. आईनं रुमालानं पुसलं तर ते जाईना, उलट तेलकट पसरलं. समोरून ट्रकचे दिवे आले की सगळी काच पांढरी व्हायची. रस्ता दिसेना. तेवढ्यात आईनं पाय वर घेतले. "माझा मोजा ओला कसा झाला?"

बदरवास ओलांडून एका ढाब्यापाशी गाडी थांबवली. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला होता. तोवर माझ्या लक्षात आलं होतं. डॅशबोर्डच्या मागे एक वहीएवढा छोटा रेडिएटर असतो. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला हीटरची कॉइल म्हणतात. इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं, ब्लोअर त्यावरून हवा फेकतो आणि आपल्याला ऊब मिळते. ती कॉइल फुटली की कूलंट डाव्या बाजूच्या पायाशी ठिबकतं, त्याची वाफ काचेवर बसते आणि वास गोडसर येतो. आमच्या गाडीत हीटर बंद असला की कॉइलकडे जाणारा व्हॉल्व्हही बंद असतो. म्हणून ही गळती आजवर लपून राहिली होती.

हीटर बंद केला, खिडक्या उघडल्या. इंजिन निवायला पाऊण तास दिला, कारण गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे उकळतं पाणी तोंडावर घेणं. ढाब्यावरून भांडी धुण्याचा साबण मागून काच आतून धुतली. मग रेडिएटरमध्ये बाटलीबंद पाणी ओतताना बाबा शेजारी येऊन उभे राहिले.

"एरवी कुठलं पाणी घालतोस?"

"बोरिंगचं." आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बोरिंगचं केव्हाही मिळतं. कूलंटचा डबा आणायचं मी दोन वर्षं पुढे ढकलत होतो.

बाबा काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. शिवपुरीपर्यंतचा रस्ता चाळिसाच्या वेगानं आणि गप्पच पार पडला. माझ्या डोक्यात एकच विचार होता: रात्र झाली असती, धुकं बाहेरही असतं, तर?

शिवपुरीत मुक्काम केला. सकाळी मेकॅनिकनं बोनेटखाली हात घातला आणि दोन मिनिटांत निदान केलं. "कॉइल गई है. डॅशबोर्ड खोलना पड़ेगा, दो दिन का काम है. अभी बायपास कर देता हूँ." कॉइलकडे जाणारे आणि येणारे दोन्ही रबरी पाइप काढून त्यानं एका नळीनं एकमेकांना जोडले आणि क्लिपा आवळल्या. कूलंट आता कॉइलकडे न जाताच फिरणार होतं. हीटर गेला, पण गाडी ग्वाल्हेरला पोहोचेल.

तोवर आम्ही शिंद्यांच्या छत्र्या बघून आलो. सख्याराजे आणि त्यांचे चिरंजीव माधवराव, आई आणि मुलगा, समोरासमोर. मध्ये पाण्याचं कुंड. संगमरवरावरचं रंगीत दगडांचं जडावकाम बघत आई बराच वेळ रेंगाळली. मग तात्या टोप्यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. 18 एप्रिल 1859 ला त्यांना इथेच फाशी दिलं. येवल्याचा माणूस, शेवट इथे. बाबांनी चपला काढून नमस्कार केला.

ग्वाल्हेरला मामाच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी दिली. दोन दिवस सगळा डॅशबोर्ड मागच्या सीटवर पडला होता. आम्ही शाली गुंडाळून गाणं ऐकत होतो. पहाटेच्या रागाला आईचे डोळे मिटलेले होते आणि त्या मोजक्या मिनिटांसाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी जुनी कॉइल हातात आली. आत पांढरा क्षार दाटला होता, गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. बोरिंगच्या जड पाण्याचा क्षार. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती मी दर वेळी पाणी घालून पातळ करत गेलो होतो. बाबांनी कॉइल उलटसुलट करून बघितली.

"तुझ्या कामात असं होतं का रे? बाहेरून सगळं चालू आणि आत साठत जातं?"

"रोज होतं, बाबा."

ते हसले. मग स्वतः दुकानात जाऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घेऊन आले. निम्मं-निम्मं मिसळून भरलं, इंजिन चालू ठेवून आतली हवा बाहेर काढली. उरलेलं कूलंट त्यांनी मला उंच फळीवर ठेवायला सांगितलं, कारण ते गोड लागतं आणि विषारी असतं. घरातली मुलं, गल्लीतली कुत्री त्याला फसतात.

तुमच्याही घरी वडिलांची जुनी गाडी असेल, तर या हिवाळ्यात लांब निघण्याआधी घराजवळच एकदा हीटर लावून बघा. गोड वास, न पुसलं जाणारं धुकं, पायाशी ओल यांपैकी काहीही आढळलं तर आधी गॅरेज, मग प्रवास.

परतताना गुन्याजवळ मी हीटर लावला. आईनं नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "आता कसलाच नाही." मागे बाबा घोरत होते.