हवी तशी हवा

बँकेत कारकुनी करता करता माझी तेवीस वर्षं लोकांच्या खात्यांतल्या चुका शोधण्यात गेली. एकदा सात रुपयांचा फरक सापडेना म्हणून रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो. हे अशासाठी सांगतोय, की माझ्या स्वतःच्या गाडीतली चूक मला दीड महिना सापडली नाही.

गाडी सेकंडहँड. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी ती केली तेव्हा चांगलीच केली असणार. तिच्या डॅशबोर्डावर हवेची तीन गोल बटणं आहेत. एक पंख्याचं. एक निळ्याकडून लालकडे फिरणारं. तिसऱ्यावर खुर्चीत बसलेला एक माणूस, त्याच्या तोंडाकडे, पायांकडे नाहीतर समोरच्या काचेकडे जाणारे बाण. त्या माणसाला नाक-डोळे काहीच नाहीत. हेड ऑफिसचा असावा.

एप्रिलात ए.सी. लावला की पहिली पाच मिनिटं बरा गार वारा यायचा आणि मग आमच्या न्हाणीघरातल्या बंबासमोर बसल्यासारखं व्हायचं. पहिला गॅरेजवाला म्हणाला, "गॅस गेलाय." भरला. दुसरा म्हणाला, "गॅस जास्त झालाय." काढला. भरल्याचे पैसे आणि काढल्याचेही पैसे! आमच्या शाखेत असं करून पाहा, गिऱ्हाईक काउंटरवर चढेल. तिसऱ्यानं पुढची जाळी धुतली आणि गाडी जुनी झाल्याचं मला सांगितलं. हे मला ठाऊक होतं.

"अहो, ते बटण निळ्यावर आहे ना?" मागून सौ. विचारायची.

"निळ्यावरच आहे," मी बी.कॉम. झालेल्या माणसाच्या आवाजात सांगायचो. आणि ते होतंही निळ्यावरच.

अशात अण्णांचं निघालं, गाव बघून यायचं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी. एस.टी.त कंडक्टर होते. सारा जन्म गाडीत गेला, पण उभ्यानं. आता गुडघे धरलेत. "एकदा जाऊन येऊ रे," असं ते तीन वर्षं म्हणत होते आणि मी तीन वर्षं 'इअर एंडिंग' म्हणत होतो. आता मे महिना, गाव माणगावजवळ आणि गाडीत हा बंब. पण नाही म्हटलं असतं, तर पुढच्या वर्षी विचारायला ते असतील का, हा हिशेब मला मांडवेना. निघालो.

ताम्हिणीच्या वाटेला लागलो. अण्णा पुढच्या सीटवर, काचा उघड्या, पायांवर गरम झोत. मी दर पाच किलोमीटरला त्यांची माफी मागत होतो. ते गप्प. मुळशी मागे पडलं तरी गप्पच. मला घाम फुटला, तो नुसता उकाड्याचा नव्हता. शेवटी मी गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "अण्णा, बरं वाटतंय ना?"

अण्णांनी दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. "फार बरं वाटतंय रे. हे शेकायचं यंत्र गाडीबरोबरच मिळालं, की वेगळं घ्यावं लागतं?"

मागच्या सीटवर सौ. पदरानं वारा घेत होती. तिनं काही उत्तर दिलं नाही, हे तिचे उपकार.

गाव पाहून झालं. परतताना माणगावला एका टपरीवजा गॅरेजशी थांबलो. तिथल्या चाचांनी बॉनेट उघडलंच नाही. आत वाकून एका बोटानं निळं-लाल बटण फिरवलं.

"साहेब, हे एवढं हलकं कधीपासून फिरतंय?"

"बरेच दिवस," मी कौतुकानं म्हणालो. "एकदम स्मूथ आहे."

चाचांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग डोकं खाली, पाय वर असे डॅशबोर्डाखाली शिरले आणि एक बारीक केबल ओढून दाखवली. तिचं टोक क्लिपमधून निसटून लोंबत होतं. बटण फिरत होतं, पण पलीकडे त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. (घरात माझी साधारण हीच स्थिती आहे, पण तो विषय वेगळा.)

इंजिनातलं गरम पाणी म्हणे दोन नळ्यांतून आत एका लहानशा रेडिएटरमध्ये येतं. हवा त्यातून जाऊ द्यायची की बाजूनं, ते एक झडप ठरवते. आमची झडप लालवरच अडकलेली. ए.सी. हवा गार करी आणि पुढे हीटर तीच हवा तापवी. इकडे जमा, तिकडे नावे, शिल्लक शून्य! पहिली पाच मिनिटं गार का, तर इंजिनातलं पाणीच तोवर तापलेलं नसे. तेवीस वर्षं हेच तर करतोय मी, फक्त कागदावर.

दहा मिनिटांचं काम. नवी क्लिप, दोनशे रुपये. ताम्हिणीचा चढ लागेपर्यंत गाडीत असा गारवा झाला, की सौ.नं माझ्याशी आपण होऊन दोन वाक्यं बोलली.

अण्णा मात्र चुळबुळत होते. जरा वेळानं माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाळ, ते शेकायचं यंत्र बिघडलं वाटतं रे?"

मी आरशात पाहिलं. सौ.नं एक सुस्कारा सोडला आणि आपल्या बाजूची काच खाली केली. मी ए.सी. बंद केला, त्या बिनचेहऱ्याच्या माणसाचा बाण पायांकडे वळवला आणि दुसरं बटण निळ्यावरून लालवर नेलं. ते आता चांगलं जड फिरतं.