मालवणची खोली

मालवणला समुद्राकाठी चार दिवस राहायचे, हा बेत मुळात बाबांचा. "पुढच्या वर्षी नक्की," असे ते दर मे महिन्यात म्हणत. आम्ही सोलापूरची माणसे. समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर! बाबा गेले. यंदा वही मी घेतली. कोल्हापूरहून घाट उतरणारी एस.टी., आईला मळमळते म्हणून लिंबू. १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पाहायचा. पण पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून डिसेंबर. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा खोली तळमजल्यावरचीच हवी. समुद्राकडच्या खोलीला दोनशे रुपये जास्त. "मागची घे. वाळूत जाऊन बसू की," आई म्हणाली.

हॉटेलवाल्याने फोनवर विचारले, "माणसं किती?"

"तीन," मी बोलून गेलो.

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "समुद्राकडचीच सांग."